पक्षाघातानंतर फीट येण्याचा धोका नेमका कोणाला?

तळ्यातमळ्यात

बाबांना (वय ६८) जूनमध्ये पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं अडखळायला लागलं. गाव कऱ्हाडपासून जवळ, त्यामुळे वेळेत पोचलो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. चहाचा कप डाव्या हाताने धरतात आणि उजव्याने धरायला लावलं की चिडतात. एकूण बरं चाललंय म्हणायचं.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने परवा सहज सांगितलं की त्यांच्या एका पेशंटला पक्षाघातानंतर काही महिन्यांनी फीट आली. तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. बाबा रात्री कुशीवर वळले तरी उठून दिवा लावते. त्यात शेजारच्या काकांना ब्रेन हॅमरेज झालं होतं, त्यांना पहिल्या दिवसापासून लेव्हिपिल चालू आहे. बाबांना फीटची कुठलीच गोळी दिलेली नाही. डॉक्टरांकडून राहून गेलं का? की सगळ्यांना लागत नाही? धोका कुणाला जास्त असतो याबद्दल माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहा.

रानमेवा

माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांनी आली होती, तोवर सगळं सुरळीत होतं. तेव्हा बेसावध राहू नका. माझं मत विचाराल तर गोळी सुरू करून घ्या, त्यात तोटा काय? आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

मज्जारज्जू

मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून लिहितो. इथे कुणाचं औषध सुरू किंवा बंद करायला सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

आधी मूळ प्रश्न. राहून गेलेलं नाही. पक्षाघात झालेल्या प्रत्येकाला फीटची प्रतिबंधक गोळी द्यावी असं कुठलीही मोठी मार्गदर्शक संहिता सांगत नाही. युरोपियन स्ट्रोक संघटनेच्या २०१७ च्या शिफारशी तर सरसकट देऊ नका असंच म्हणतात. फीट येण्याआधीच गोळी सुरू केल्याने पुढे एपिलेप्सी (वारंवार फीट येण्याचा आजार) टळते, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. रानमेवा, तोटा काय हे विचारताय, तर लेव्हेटिरॅसिटॅमने (म्हणजे काकांच्या लेव्हिपिलमधलं औषध) चिडचिड, उदासी आणि सुस्ती येऊ शकते. ज्या माणसाला रोज उठून व्यायाम करायचाय त्याच्यासाठी सुस्ती ही लहान गोष्ट नाही.

आता धोक्याबद्दल. पक्षाघातानंतर येणारी फीट दोन प्रकारची असते आणि हा फरक समजला की निम्मा गोंधळ मिटतो. पहिल्या सात दिवसांत येते ती लवकरची. त्या वेळी मेंदूच्या पेशी ताज्या जखमी असतात, क्षारांचं आणि रसायनांचं गणित विस्कटलेलं असतं, त्यातून ती येते. तिला लगेच एपिलेप्सी म्हणत नाहीत. सात दिवसांनंतर, महिन्यांनी किंवा वर्षांनी येते ती उशिराची. तोवर त्या जागी व्रण तयार झालेला असतो आणि आजूबाजूच्या पेशींनी नवी, वेडीवाकडी जोडणी केलेली असते. पक्षाघातानंतर अशी उशिराची एक फीट जरी आली तरी पुढच्या दहा वर्षांत दुसरी येण्याची शक्यता शेकडा ७० च्या घरात जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेच्या २०१४ च्या व्याख्येनुसार तिथेच एपिलेप्सीचं निदान होतं आणि गोळी सुरू होते. दुसरी यायची वाट बघत नाहीत. लवकरच्या फीटनंतर पुढे विनाकारण फीट येण्याची शक्यता शेकडा ३३ च्या आसपास.

तळ्यातमळ्यात, डिस्चार्ज कार्डावरच्या या गोष्टी इथे लिहा: गुठळी की रक्तस्राव, कुठली रक्तवाहिनी, एमआरआयमध्ये कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) उल्लेख आहे का, एनआयएचएसएस (पक्षाघाताच्या तीव्रतेचे गुण) किती, मानेच्या डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) काय आलं, आणि दवाखान्यात असताना एखादा झटका आला होता का.

चिंचगूळ

उत्तम प्रतिसाद. एक शंका. काकांना दिली आणि बाबांना नाही, हा फरक मग कशामुळे?

मज्जारज्जू

काकांची फाइल न बघता नेमकं सांगता येणार नाही. पण रक्तस्रावात धोका गुठळीपेक्षा जास्त असतो हे खरं. रक्तातलं लोह मेंदूच्या पृष्ठभागाजवळ साचून राहिलं की ते पेशींना चिथावत राहतं. रक्तस्रावासाठी एक सोपा हिशेब आहे, हेलसिंकीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये मांडलेला. त्याला केव्ह स्कोअर म्हणतात. रक्तस्राव कॉर्टेक्सपर्यंत गेला असेल तर एक गुण, वय ६५ पेक्षा कमी असेल तर एक, साचलेलं रक्त १० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर एक आणि पहिल्या आठवड्यात फीट आली असेल तर एक. शून्य गुणांना उशिराच्या फीटचा धोका शेकडा एकाहूनही कमी, चारला जवळजवळ शेकडा ४६.

वयाचा गुण उलटा कसा, असं पेशंटचे नातेवाईक नेहमी विचारतात. तर हो, तरुण मेंदूला व्रणानंतर फीट येण्याची शक्यता जास्त असते.

आणि रक्तस्रावातही आधी फीट आलेली नसेल तर प्रतिबंधक गोळीचा फायदा दिसलेला नाही. तरी प्रत्यक्षात आयसीयूमध्ये अनेकांना ती सुरू होते, डिस्चार्जच्या कागदावर तशीच छापून येते आणि मग वर्षानुवर्षं कुणी प्रश्नच विचारत नाही. काकांच्या घरच्यांनी पुढच्या भेटीत एवढंच विचारावं की ही गोळी कशासाठी सुरू केली आणि कधीपर्यंत घ्यायची. मनाने एका रात्रीत बंद मात्र करू नये, त्यानेच फीट येऊ शकते.

उंबरा

आमच्याकडे हेच झालं. आईला गुठळीचा छोटा पक्षाघात झाला होता, फीट कधीच आली नाही, तरी एप्टॉइन चालू. कशासाठी ते कुणाला माहीत नाही. तोल जायचा, हिरड्या सुजायच्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. आता आई बागेत एकटी फिरते.

रानमेवा

माझा मुद्दा मागे घेत नाही, पण सुस्तीचं पटलं. सासरे गोळी घेतल्यापासून दुपारीसुद्धा पेंगतात. आणि चिडचिड म्हणाल तर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलेलं मी पाहिलंय. आधी शांत स्वभावाचे होते हो. हे गोळीमुळे असू शकतं?

मज्जारज्जू

असू शकतं. पक्षाघातानंतर येणारी उदासीही असू शकते, ती फार जणांना येते आणि घरात तिला हट्टीपणा समजलं जातं. डॉक्टरांना हे सांगा. गोळी बदलायचा पर्याय असतो. लॅमोट्रिजिन अनेक वृद्धांना सोसतं, फक्त त्याचा डोस हळूहळू चढवावा लागतो. सासऱ्यांची किडनी कमजोर असेल तर लेव्हेटिरॅसिटॅमचा डोसही कमी करावा लागतो, तेही विचारा.

तळ्यातमळ्यात

सगळ्यांचे आभार. कार्ड शोधून काढलं. जसं लिहिलंय तसं देतो:

डाव्या बाजूचा एमसीए इन्फार्क्ट, फ्रंटोपरायटल कॉर्टेक्स इन्व्हॉल्व्ह्ड. भरतीच्या वेळी एनआयएचएसएस ९. कॅरोटिड डॉपलर नॉर्मल. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. दवाखान्यात फीट नाही. औषधं: अॅपिक्सबान, अॅटोर्व्हास्टॅटिन, बीपीची एक गोळी.

मज्जारज्जू

छान, हे सगळं असलं की बोलता येतं.

गुठळीच्या पक्षाघातासाठी २०१८ मध्ये सिलेक्ट नावाचा स्कोअर आला. स्वित्झर्लंडमधल्या पेशंटांवर तयार केला आणि ऑस्ट्रिया, जर्मनी, इटलीतल्या पेशंटांवर पडताळला. म्हणजे आपल्याकडचे पेशंट त्यात नाहीत, हे लक्षात ठेवायचं. एकूण नऊ गुण. पक्षाघाताची तीव्रता, म्हणजे एनआयएचएसएस, ३ किंवा कमी असेल तर शून्य, ४ ते १० ला एक, ११ आणि पुढे दोन. मोठ्या धमनीत चरबी साचून पक्षाघात झाला असेल तर एक. पहिल्या आठवड्यात फीट आली असेल तर तीन. कॉर्टेक्सला इजा असेल तर दोन. एमसीए, म्हणजे मधल्या मोठ्या धमनीच्या प्रदेशात असेल तर एक.

बाबांचे: तीव्रतेचा एक, धमनीचा शून्य (एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, त्यामुळे गुठळी हृदयातून आलेली दिसते), फीट नाही म्हणून शून्य, कॉर्टेक्सचे दोन, एमसीएचा एक. झाले चार. मूळ तक्त्यात चार गुणांना पाच वर्षांतला धोका शेकडा दहाच्या आगेमागे आहे. म्हणजे अशा दहा जणांतल्या नऊ जणांना पाच वर्षांत फीट येत नाही. तुलनेसाठी, शून्य गुणांना पाच वर्षांत शेकडा १.३ आणि नऊ गुणांना शेकडा ८३. त्या अभ्यासातल्या सगळ्यांची सरासरी पाच वर्षांत शेकडा ८.

गुण कशाला जास्त आहेत ते बघा, त्यातच सगळं आलं. मेंदूच्या बाहेरच्या थराला, म्हणजे कॉर्टेक्सला इजा झाली की धोका, कारण फीटची वीज तिथूनच सुटते. खोलवर एखादा बारीक ठिपका असेल, किंवा इजा छोट्या मेंदूत, ब्रेनस्टेममध्ये असेल तर धोका अगदी कमी.

पहिल्या आठवड्यातल्या फीटबद्दल २०२३ मध्ये हा हिशेब सुधारला. त्या आठवड्यात फीट लांबली, थांबेचना, म्हणजे स्टेटस एपिलेप्टिकस झाला, तर तीनऐवजी सात गुण. अशांना दहा वर्षांत एपिलेप्सी होण्याचा धोका शेकडा ८१ निघाला. छोटी फीट येऊन थांबली त्यांना ४०.

गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनमुळे फीटचा धोका वाढतो का, हाही प्रश्न येईल म्हणून आधीच लिहितो. एकत्रित अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

तळ्यातमळ्यात

आईला 'दहातले नऊ' एवढंच सांगितलं. म्हणाली, आणि दहावा? पण रात्री दिवा लावला नाही.

पाटावरवंटा

वैद्यांकडून ब्राह्मी घृत आणि नस्य सुरू करा. माझ्या मामांना त्यानेच गुण आला, परत फीट नाही.

चिंचगूळ

मामांच्या इंग्रजी गोळ्या बंद होत्या का तेव्हा?

पाटावरवंटा

चालू होत्या. पण गुण घृताचा. असो, वाद घालून धागा भरकटवत नाही.

मज्जारज्जू

तूप खायला कुणाची हरकत नसावी, कोलेस्टेरॉल बघून. पण बाबा अॅपिक्सबान, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध, घेतात. कुठलंही नवं औषध, मग ते काढा असो की चूर्ण, सुरू करण्याआधी त्या डॉक्टरांना दाखवा. उलट बाजूनेही तेच. उद्या समजा बाबांना फीटची गोळी लागलीच तर फेनिटॉइन (म्हणजे उंबरा यांनी लिहिलेली एप्टॉइन) किंवा कार्बामाझेपीन त्यांच्यासाठी चांगली निवड नाही. ही औषधं यकृतातली यंत्रणा इतकी वेगवान करतात की अॅपिक्सबानचा परिणाम कमी होतो आणि पुन्हा गुठळी व्हायची भीती असते. कोलेस्टेरॉलही वाढतं. गावातल्या दवाखान्यात घाईत एप्टॉइन सुरू होते, तेव्हा 'हे रक्त पातळ करायचं औषध घेतात' हे ओरडून सांगायचं.

सायलीची आई

धागा वडीलधाऱ्यांचा आहे, तरी लिहिते. मुलीला बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात भयंकर डोकेदुखी, उलट्या आणि मग फीट. सगळे म्हणत होते बाळंतरोग आहे, झोप पुरत नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली. हाही पक्षाघातच म्हणायचा का? तिला पुढे एपिलेप्सी होईल का?

मज्जारज्जू

हो, हा पक्षाघाताचाच एक प्रकार, पण धमनीऐवजी शिरेतला. आपल्याकडे बाळंतिणींमध्ये कमी नाही. यात सुरुवातीलाच फीट येणाऱ्यांचं प्रमाण मोठं, शेकडा ४० च्या आसपास. पण गंमत म्हणजे (हा शब्द इथे बरा नाही, तरी) यातले बहुतेक चांगले बरे होतात आणि उशिराची फीट येणारे शेकडा दहाच्या आसपासच असतात. मेंदूत रक्तस्राव झाला होता का, कवटी उघडायची शस्त्रक्रिया करावी लागली का, फीट लांबली होती का, यावर धोका ठरतो. सिलेक्टचे गुण इथे लावायचे नाहीत.

गोळी किती काळ घ्यायची ते न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवा. व्हॅलप्रोएट ही फीटची गोळी मूल होण्याच्या वयातल्या बाईला शक्यतो नको. आणि पुढच्या गरोदरपणाच्या आधी, दिवस गेल्यावर नव्हे, डॉक्टरांना भेटायचं. गर्भनिरोधक गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत, त्यांनी गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती कृपया बंद करा.

सायलीची आई

पाणी आम्हीही मोजूनच देत होतो, सुईणबाईंच्या सांगण्यावरून. रक्तस्राव थोडा होता, ऑपरेशन नाही. धन्यवाद डॉक्टर.

उंबरा

फीट ओळखायची कशी हे कुणी लिहिलं नाही. सिनेमात दाखवतात तशीच येते का?

रानमेवा

हे मी लिहिते, कारण आमच्याकडे पहिल्यांदा ओळखताच आली नव्हती. सासऱ्यांचा लुळा हातच आधी फडफडायला लागला, मग तोंडाचा कोपरा ओढला गेला. शुद्धीत होते, माझ्याकडे बघत होते. दोन मिनिटांत थांबलं. त्यानंतर तो हात, जो बराच सुधारला होता, पुन्हा अगदी गळून पडला. आम्हाला वाटलं दुसरा पक्षाघात झाला. दवाखान्यात सीटी केला, नवीन काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात परत होता तसा झाला.

शेजारणीने कांदा आणून नाकाशी धरला होता. तिचा काय दोष, सगळ्यांना तेच माहीत.

मज्जारज्जू

रानमेवांनी लिहिलंय ते अगदी नमुनेदार. फीटनंतर तो भाग काही तास, कधी दिवसभर लुळा पडतो. त्याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात. पण घरी बसून 'हा टॉड्स आहे' असं कधीच ठरवायचं नाही. नवा पक्षाघात असेल तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं, निदान तिथे होऊ दे.

आणखी एक रूप असतं. माणूस एकटक बघत बसतो, बोललं तर उत्तर देत नाही, ओठ चाटतो, मग थोडा वेळ भ्रमिष्टासारखा. पक्षाघात झालेल्याच्या बाबतीत घरचे याला 'आज जरा जास्तच विसरतात' म्हणून सोडून देतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा. इईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला तरी फीट नव्हती असं होत नाही, त्यामुळे डॉक्टरांना त्या व्हिडिओचा फार उपयोग होतो.

आल्यावर काय करायचं: कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही नाही. कांदा-चप्पल काही नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली तर दवाखाना. पहिलीच फीट असेल तर थांबली तरी दवाखाना. मधुमेह असेल तर साखर तपासा, साखर खूप उतरली तरी फीट येते आणि ती वेगळी गोष्ट आहे. एकदा फीट आलेल्यांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना विचारावं.

टेम्सकाठचा

इथे इंग्लंडमध्ये भावाला पक्षाघातानंतर फीट आली तर लायसन्स परत द्यावं लागलं. साधारण वर्षभर फीट नसेल तर पुन्हा अर्ज करता येतो. भारतात काय नियम?

चिंचगूळ

आरटीओच्या फॉर्म १ मध्ये एपिलेप्सी आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असं विचारतात आणि सही घेतात. हो लिहिलं तर लायसन्स मिळत नाही. त्यामुळे सगळे नाही लिहितात.

मज्जारज्जू

आणि मग कठड्याला गाडी धडकते. गाडीखेरीज रोजच्या घरातलं बघा: संडास-बाथरूमची आतली कडी काढून टाका, विहिरीवर किंवा गच्चीच्या कडेला एकट्याने नको. हे फीट आलेल्यांसाठी. ज्यांना आलेली नाही त्यांना घरात कोंडून ठेवायचं नाही.

तळ्यातमळ्यात

शेवटची शंका. बाबांना गुडघेदुखी आहे, गावातले डॉक्टर ट्रामाडोल देतात कधीकधी. आणि आईने पक्षाघातानंतर घरात मीठ जवळजवळ बंद केलंय. बीपीच्या गोळीचं नाव आत्ता बघितलं, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र. यातलं काही धोक्याचं?

मज्जारज्जू

दोन्ही विचारलंत ते बरं केलंत. ट्रामाडोल फीटचा उंबरठा खाली आणतं, म्हणजे फीट सहज येऊ शकते, कॉर्टेक्सला व्रण असलेल्या माणसाला शक्यतो टाळायचं. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉलपासून सुरुवात करा. आणि हो, ब्रुफेन-डायक्लोफिनॅकसुद्धा नको, अॅपिक्सबानबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्सही फीटला निमित्त होतात, तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर पक्षाघाताची नोंद ठळक लिहून ठेवा म्हणजे लिहून देणारा विचार करेल.

क्लोरथॅलिडोनने वयस्कर माणसात सोडियम उतरू शकतं. त्यात मीठ पूर्ण बंद, भूक कमी. सोडियम फार खाली गेलं की व्रण नसलेल्यालाही फीट येते. बीपीसाठी मीठ कमी करायचं असतं, बंद नाही. गोळी मनाने थांबवू नका, आधी तपासणी करा. शेवटचं सोडियम कधी केलं होतं?

तळ्यातमळ्यात

डिस्चार्जच्या वेळी. त्यानंतर कुणी सांगितलं नाही. उद्या सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावलंय, रिपोर्ट आला की इथेच टाकतो.